चाकांची दुनिया : ट्रकच्या पाठीवरचं बिऱ्हाड

दोस्तांनो, ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्ही आजीच्या तोंडून नक्की ऐकली असणार. विंचवाची मादी आपली इवलीइवली पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते, त्यावरून ती पडली. आज आपल्याला असाच एक विंचू बघायचाय. फक्त त्याला आठ पायांऐवजी चार चाकं आहेत आणि पाठीवर पिल्लांच्या जागी पलंग, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी असा अख्खा संसार आहे. त्याचं नाव ट्रक कॅम्पर.

थांबा, घोटाळा नको! आपल्याकडे रस्त्यावर ‘कॅम्पर’ नावाची एक गाडी दिसते, पुढे माणसं आणि मागे माल नेणारी. ती ही नव्हे. अमेरिकेत आणि कॅनडात पुष्कळांच्या घरी पिकअप ट्रक असतात. आपल्याकडे ज्यातून टोमॅटोचे क्रेट मंडईत येतात ना, त्यांचेच हे थोराड भाऊ. त्या ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात एक तयार खोली सरकवून बसवायची, चारी कोपरे ट्रकला आवळून बांधायचे, की झालं फिरतं घर. सहल संपली की खोली उतरवून अंगणात ठेवायची आणि ट्रक पुन्हा कामाला मोकळा. मोटरहोममध्ये इंजिन आणि घर एकच असतं, कॅरव्हॅन मागे ओढत न्यावी लागते. ट्रक कॅम्परचं तसं नाही, तो पाठुंगळी बसतो.

जॉन स्टाइनबेक नावाचा मोठा अमेरिकन लेखक होऊन गेला. १९६० साली, वयाच्या ५८व्या वर्षी, तो असाच एक ट्रक कॅम्पर घेऊन आपला देश बघायला एकटा निघाला. एकटा म्हणजे, बरोबर चार्ली नावाचा पूडल कुत्रा होता! गाडीचं नाव त्याने ठेवलं रोसिनांते, डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचं. त्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १९६२मध्ये निघालं आणि त्याच वर्षी त्याला साहित्याचं नोबेलही मिळालं. ती गाडी कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी त्याच्या नावाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

पण स्टाइनबेकची गाडी होती कोरी करकरीत. नवा कॅम्पर घ्यायचा तर नुसत्या खोलीलाच तीस-चाळीस हजार डॉलर सहज पडतात, ट्रकचे वेगळे. म्हणून पुष्कळ कुटुंबं घेतात ती जुनी, वापरलेली. आणि खरी गंमत (आणि खरी डोकेदुखी!) इथेच सुरू होते.

असं समजा, की सुट्टीत तुम्ही ओरेगन राज्यात आत्याकडे गेला आहात. तिच्याकडे पिकअप ट्रक आहे. यंदा दोन्ही मुलांना आणि तुम्हाला घेऊन डोंगरात भटकायचं तिने ठरवलंय. त्यासाठी तीन वर्षं पैसे साठवलेत. आज ती जुना कॅम्पर बघायला निघालीय आणि तुमच्या हातात तिने टॉर्च दिलाय. “डोळे उघडे ठेव हं,” ती सांगते, “माझे पैसे आहेत, आणि आत झोपणार आहात तुम्ही.”

निघायच्या आधीच ती ट्रकचं दार उघडून तुम्हाला एक चिकटवलेला कागद दाखवते. दाराच्या चौकटीवरच असतो तो. त्यावर लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून या गाडीत अमुक किलोच्या वर वजन घालू नका. आत्याच्या ट्रकचा आकडा आहे ११३० किलो. हा कागद म्हणजे ट्रकचं आधारकार्डच म्हणा! तिकडे लोक ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’, ‘एक टन’ अशा नावांनी ट्रक ओळखतात. पण ती नावं जुन्या काळची, त्यावर मुळीच भरवसा ठेवायचा नाही. खरा आकडा दारावरचा.

आता वही काढा. ज्याच्याकडे निघालो आहोत, त्या गृहस्थांनी फोनवर सांगितलंय, “माझा कॅम्पर रिकामा ९०० किलोचा आहे.” ९०० म्हणजे ११३० पेक्षा कमीच, मग काय हरकत आहे? असं वाटतं खरं! पण रिकाम्या घरात कोण राहतं? पाण्याची टाकी ११४ लिटरची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा ११४ किलो झाले. गॅसच्या दोन टाक्या भरलेल्या, ३४ किलो. बॅटरी २५. पांघरुणं, भांडी, डबे, खाऊ, एक सायकल, सगळं १२० धरू. आणि तुम्ही चौघं मिळून २४०. करा बेरीज. १४३३! म्हणजे ट्रकच्या ताकदीपेक्षा तब्बल ३०३ किलो जास्त.

“मग काय होईल? ट्रक मोडेल?” तुम्ही विचाराल. नाही, लगेच नाही मोडणार. ट्रक चालेल, आणि धोका आहे तो तिथेच. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घाट उतरताना ब्रेक तापतात, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. टायर तापतात आणि नको त्या वेळी फुटतात. ओझं मागच्या धुरीच्या मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. म्हणूनच अमेरिकेत कायदा आहे, की कॅम्पर लादता येईल अशा ट्रकच्या कंपनीने ओझ्याचा मध्यबिंदू कुठे असावा हे गिऱ्हाइकाला कळवायचं. काही जण मागे हवेचे फुगे बसवून घेतात. ट्रक वर उचलला जातो, झोकात दिसतो, पण दारावरचा आकडा एका किलोनेही वाढत नाही बरं का. उंच झाला म्हणजे बळकट झाला असं थोडंच आहे!

शंका असेल तर सरळ वजन करायचं. ऊस भरलेली गाडी कारखान्याच्या काट्यावर चढताना तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल. तसेच काटे तिकडे ट्रक थांबतात त्या पंपांवर असतात. थोडे डॉलर मोजले की पुढच्या धुरीवर किती, मागच्या धुरीवर किती, असा छापील कागद मिळतो.

बेरीज बघूनच आत्या खरं म्हणजे परत फिरणार होती. पण “बघून तर येऊ” म्हणाली. मलाही वाटतं, जावंच. न घेण्यासारखी वस्तू बघितल्याशिवाय घेण्यासारखी ओळखता येत नाही.

तर हा कॅम्पर बाहेरून कसा चकाचक! नुकताच रंग दिलेला. आत्या म्हणते, “रंग सोड, नाक वापर.” दार उघडल्याबरोबर तुम्हाला वास येतो. पावसाळ्यात ओली छत्री कपाटात राहिली की येतो ना, तोच. कुबट!

जुन्या कॅम्परचा एक नंबरचा शत्रू म्हणजे पाणी. बहुतेक जुन्या कॅम्परचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असतो, आतून पातळ प्लायवूड आणि बाहेरून अॅल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पत्रा. खिडक्या, छतावरचे झरोके, कडेच्या पट्ट्या, जिथेजिथे भोक पाडलंय तिथे सीलंट भरलेलं असतं. उन्हाने ते तडकतं. केसाएवढी फट पडली तरी पुरे. पाणी आत शिरतं, भिंतीच्या पोटात बसतं आणि बाहेरून काहीसुद्धा दिसत नाही. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला, की लाकूड कुजवणारी बुरशी कामाला लागते. दोन-चार पावसाळ्यांत पट्टीचा भुसा! आणि गंमत म्हणजे चारी कोपऱ्यांचे पाय, ज्यांवर सगळा कॅम्पर उभा राहतो, ते नेमके याच कोपऱ्यांना बोल्टने जोडलेले असतात. आतलं लाकूड कुजलं असेल तर बोल्ट धरणार कशाला?

म्हणून टॉर्च. पलंगाच्या खालचा कोपरा, कपाटांच्या आतल्या बाजू, छत आणि भिंत मिळते ती रेघ, खिडकीची खालची कड, सगळीकडे उजेड तिरपा टाकायचा. तिरप्या उजेडात फुगवटा लगेच दिसतो. मग अंगठ्याने दाबायचं. चांगलं प्लायवूड दबत नाही. पलंगाच्या डाव्या कोपऱ्यात तुमचा अंगठा मात्र ब्रेडमध्ये जावा तसा आत जातो...

“आत्या!”

आत्या येते, दाबून बघते आणि काही बोलत नाही. नवा रंग कशासाठी होता ते आता तुमच्याही लक्षात आलं असेल. त्या गृहस्थांनी मुद्दाम लपवलं असंच काही नाही. पुष्कळदा मालकालाच ठाऊक नसतं. पण कुजलेला कोपरा दुरुस्त करायचा म्हणजे अख्खी भिंत उघडायची, आणि उघडल्यावर शेजारची भिंतही तशीच निघते!

परतण्याआधी तिथला जुना फ्रीज तेवढा बघून घ्या. सांगितलं तर खोटं वाटेल, पण हा फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतो. खाली आग, वर बर्फ! स्वीडनमधल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली तो शोधून काढला. नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कोंडलेले असतात. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन थंड होऊन द्रव बनतो. पुढे हायड्रोजन असलेल्या नळीत त्याची पुन्हा वाफ होते आणि तसं होताना तो फ्रीजमधली उष्णता ओढून घेतो. पंप नाही, मोटर नाही, आवाजही नाही. द्रव फक्त उताराने वाहतो. म्हणूनच गाडी तिरकी उभी करून हा फ्रीज चालवला, की द्रव भलतीकडे साचतो, खालची नळी जास्त तापते आणि कायमची निकामी होऊ शकते. गवंडीकाकांची पाणसळ असते ना, तसली छोटी पाणसळ लोक कॅम्परमध्ये ठेवतात ती याचसाठी. चाकाखाली फळी सारून आधी गाडी सपाट करायची, मग फ्रीज लावायचा.

दुसरा कॅम्पर दिसायला अगदी साधा. छत खाली बसलेलं, बाहेर एक ओरखडा, रंग उडालेला. मुक्कामाला पोचलं की छत वर उचलायचं आणि मधल्या भिंती निघतात जाड कापडाच्या. पत्र्याच्या खोलीपेक्षा हा खूपच हलका असतो. रिकामा ५०० किलो. पाणी ७५, गॅसची एकच टाकी १७, बॅटरी २५, सामान काटकसरीने ८०, माणसं तीच २४०. एकूण ९३७. चला, जवळजवळ दोनशे किलो शिल्लक! झोपायला चौघांना दाटी होईल, तेव्हा दोघं आत आणि दोघं बाहेर तंबूत. भांडण आत्ताच मिटवून टाका, कोण बाहेर झोपणार ते!

कोपरे दाबून झाले. टणक. कापडाला एक भोक, पण त्याला ठिगळ लावता येतं. मालकिणीने एक वही दिली. छताचं सीलंट कधी केलं, बॅटरी कधी बदलली, सगळं तारखेनिशी. मला विचाराल तर अशी वही असलेली ओरखडेवाली गाडी, बिनवहीच्या चकचकीत गाडीपेक्षा केव्हाही चांगली. आत्याने घेतला.

आता मात्र वही तुमच्या हातात आली आणि कामंही.

पहिलं छत. कोकणातली मंडळी पावसाआधी घर शाकारतात, कौलं चाळतात. इथे तेच, पण वर्षातून दोनदा. सांध्यांवरून बोट फिरवायचं, तडा दिसला की जुनं सीलंट खरवडून तिथे छतासाठीचंच नवं लावायचं. बाथरूममध्ये वापरतात ते सिलिकॉन फासायचा मोह होतो. नको! एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. भिंतींचं कापड ओलं असताना छत मिटायचं नाही. पावसात मिटावंच लागलं, तर घरी आल्याबरोबर उघडून वाळवायचं, नाहीतर आठवड्यात काळे ठिपके.

बॅटरीची देखभाल तुमच्यापैकी कित्येकांना घरच्या इन्व्हर्टरमुळे माहीतच असेल. साध्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं, नळाचं नाही, आणि ती पार रिकामी होईपर्यंत वापरायची नाही. निम्म्यावर आली की पुरे.

हिवाळ्याचं काम आपल्याला नवं आहे. पाण्याचं बर्फ झालं की ते साधारण नऊ टक्के फुगतं. नळीत पाणी राहिलं आणि रात्री गोठलं, की नळी फुटते. आणि कळतं कधी? वसंतात, पंप चालू केल्यावर, भिंतीतून कारंजं उडाल्यावर! म्हणून थंडीआधी सगळं पाणी काढून नळ्यांत एक गुलाबी द्रव भरतात. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल घालतात. ते गोडसर लागतं आणि जबर विषारी असतं. पिण्याच्या पाण्याच्या नळीत ते चुकूनही जाता कामा नये. नावं सारखी, पण एक अक्षर चुकलं तर दवाखाना.

गॅसचं तर नीटच ऐका. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. कॅम्परच्या टाकीत मुख्यतः प्रोपेन. का? ब्युटेन उणे अर्धा अंशालाच द्रव होऊन बसतं, मग बर्फात शेगडी पेटणार कशी? प्रोपेनची वाफ उणे ४२ अंशांपर्यंत होत राहते. दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणून गळती झाली तर गॅस जमिनीलगत साचतो. गॅस ओळखणारा भोंगा कॅम्परमध्ये गुडघ्याच्या खाली बसवलेला दिसेल तो त्यामुळे. सांधे तपासायचे ते साबणाच्या पाण्याने. बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून तपासणारा वीर कुठे दिसला तर त्याच्यापासून लांब पळा!

दुसरा भोंगा कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी ऊब मिळावी म्हणून जळत ठेवली, की तो साचत जातो. डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. एवढ्याशा खोलीत याला वेळ लागत नाही. तेव्हा शेगडी फक्त स्वयंपाकाला, तीही खिडकी उघडून. आणि भोंग्यांनाही वय असतं हं. मागे छापलेली तारीख उलटली, की बटण दाबल्यावर ‘पीं’ वाजलं तरी ते बदलायचे. जुना कॅम्पर घेतला, की सगळ्यांत आधी खर्च करायचा तो इथे. पडदे नंतर!

टायरचंही वय वाचता येतं. कडेला कोरलेले शेवटचे चार आकडे बघा. २३१४ असेल तर २०१४च्या २३व्या आठवड्यातला टायर. नक्षी झिजली नसली तरी रबर म्हातारं होतं. घरच्या स्कूटरवर किंवा बाबांच्या गाडीवर आजच शोधून बघा, आपल्याकडच्या टायरवरही असतात.

कॅम्पर ट्रकवर चढवणं हा एक सोहळाच असतो. चारी पाय थोडेथोडे, सारखे वर घ्यायचे, एक बाजू उंच आणि एक खाली असं होऊ द्यायचं नाही. आत्या ट्रक मागे घेत खाली सरकवणार आणि तुम्ही लांब उभं राहून हाताने खुणा करणार. पायांवर उभ्या कॅम्परखाली कुणीही जायचं नाही, चेंडू गेला तरी नाही. मग चारी कोपऱ्यांच्या साखळ्या आवळायच्या आणि चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर उतरून पुन्हा आवळायच्या, कारण धक्क्यांनी त्या सैल होतात. प्रवासात तुम्ही पुढे ट्रकमध्ये, पट्टा लावून. चालत्या गाडीत मागे कॅम्परमध्ये बसायला काही राज्यांत परवानगी आहे, काहींत नाही. पण आत्याच्या कॅम्परमध्ये पट्टेच नाहीत, तेव्हा प्रश्न मिटला.

निघण्यापूर्वी एक शेवटचं माप राहिलं, ते उंचीचं. जमिनीपासून छतावरच्या झरोक्याच्या टोकापर्यंत टेपने मोजायचं आणि आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवायचा. स्वतःच्या गाडीची उंची विसरणारे लोक असतात का? नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम गावी एक रेल्वेपूल आहे. त्याच्याखाली जागा होती ११ फूट ८ इंच. मोठमोठ्या अक्षरांत पाट्या, दिवे, २०१६ साली तर उंच गाडी ओळखून सिग्नल लाल करणारं यंत्रसुद्धा बसवलं. तरी ट्रक येत राहिले आणि त्यांची छपरं डबा उघडावा तशी सोलून निघत राहिली. गावकऱ्यांनी पुलाचं नावच ठेवलं ‘कॅन ओपनर’. शेवटी २०१९मध्ये रेल्वेने अख्खा पूल उचलून आठ इंच वर घेतला. १२ फूट ४ इंच झाली जागा. थोड्याच दिवसांत तिथे पुढचा ट्रक अडकला!